शर्यतीच्या जुन्या गाडीचा इतिहास कसा शोधायचा?

आजचा धडा गाडीचा आहे, पण विषय मात्र इतिहासाचाच आहे. इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, तलवारी आणि ताम्रपट येतात. शेडमध्ये धूळ खात पडलेली मोटार कुणाला आठवत नाही. म्हणून मुद्दाम हा विषय घेतला.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. कन्हेरीत, काटेवाडीत किंवा इंदापूरकडच्या कुठल्याही गावात शर्यतीचा नाद असलेल्या माणसाच्या गोठ्यात जा आणि त्याच्या खिल्लार बैलाबद्दल विचारा. खोंड कुणाच्या गायीचा, कोणत्या बाजारातून आणला, आदत असताना कुठल्या मैदानात पळाला, दोन दाती झाल्यावर कुणाच्या बैलाबरोबर जुंपला, मध्ये पायाला काय झालं होतं, सगळं तोंडपाठ असतं. कागद बहुतेक वेळा एकही नसतो. तरीही उद्या कुणी दुसराच बैल आणून "हाच तो" म्हणाला, तर मैदानावरचे जाणते लोक शिंगं, वशिंड, खूर आणि दात बघून सांगतील, "नाही बाबा, हा तो नव्हे."

म्हणजे बघा, एका पळणाऱ्या जनावराचा इतिहास दोन ठिकाणी साठलेला असतो. एक माणसांच्या आठवणीत आणि दुसरा खुद्द जनावराच्या अंगावर. शर्यतीच्या गाडीचंही तसंच आहे. फक्त तिथे कागद हे तिसरं साधन मिळतं, आणि गंमत म्हणजे गोंधळही बऱ्याचदा कागदामुळेच होतो.

'स्टॉक कार' म्हणजे काय?

'स्टॉक' हा शब्द आपण दुकानात रोज ऐकतो. "माल स्टॉकमध्ये आहे का?" तोच हा स्टॉक. कारखान्यातून निघाली, विक्रीला ठेवली, तशीच्या तशी असलेली गाडी म्हणजे स्टॉक कार. शर्यतीसाठी खास बनवलेली, एका माणसाची, उघड्या चाकांची गाडी वेगळी. स्टॉक कारच्या शर्यतीत तुमच्या-आमच्या दारात उभी असते तसली गाडी पळते. निदान सुरुवातीला तरी तशी अट होती.

या शर्यतींचं माहेर अमेरिका. तिथली 'नॅसकार' ही संस्था फेब्रुवारी १९४८ मध्ये रीतसर नोंदली गेली. पुढच्या वर्षी, १९ जून १९४९ रोजी, शार्लट या गावी मातीच्या धावपट्टीवर 'अगदी स्टॉक' गाड्यांची तिची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे नावाचा चालक १९४७ सालच्या फोर्ड गाडीतून पहिला आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तपासनीस गाडीखाली शिरले आणि त्यांना दिसलं, की मागच्या स्प्रिंगा कारखान्याच्या नाहीत, त्या जास्त ताठ केलेल्या आहेत. पहिला क्रमांक गेला आणि लिंकन गाडी चालवणारा जिम रोपर विजेता ठरला. फोर्डचा मालक कोर्टात गेला, पण तिथेही हरला.

आता स्प्रिंगा ताठ कशाला केल्या असतील? त्या काळी त्या भागात चोरटी दारू गाड्यांतून पोचवायचा धंदा जोरात होता. मागच्या बाजूला दारू भरली की गाडी बसते आणि पोलिसांना लांबूनच कळतं. स्प्रिंग ताठ असली की गाडी भरलेली आहे हे दिसत नाही, आणि वळणावर ती झुकतही नाही. म्हणजे गाडीचं जुनं आयुष्य तिच्या पोटाखाली लिहिलेलं होतं. मालकाने तोंडाने सांगायची गरजच पडली नाही. आपल्या आजच्या धड्याचा पाया हाच आहे, म्हणून ही हकिकत नीट लक्षात ठेवा.

एका हडसनची गोष्ट

'कार्स' हा २००६ सालचा सिनेमा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यातला म्हातारा, तुसडा 'डॉक हडसन' आठवतो? ते पात्र खऱ्या गाडीवर बेतलेलं आहे. अमेरिकेतल्या हडसन कंपनीने १९५१ साली 'हॉर्नेट' नावाची गाडी काढली. सहा सिलिंडरचं, सुमारे पाच लिटरचं इंजिन आणि चासीच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या मधे खाली उतरवलेली जमीन, म्हणजे गाडीत बसताना पायरी उतरल्यासारखं वाटायचं. वजन खाली राहिल्यामुळे वळणावर ही गाडी इतरांपेक्षा घट्ट बसायची. १९५२ साली नॅसकारच्या मुख्य मालिकेत ३४ शर्यती झाल्या, त्यांतल्या २७ हडसनने जिंकल्या. मार्शल टीग, हर्ब थॉमस, टिम फ्लॉक हे तिचे नावाजलेले चालक.

पण नियम तर 'स्टॉक'चा होता. मग इतका वेग आला कुठून? कंपनीने युक्ती केली. अधिक मजबूत भाग तयार करून ते 'खडतर वापरासाठीचे सुटे भाग' म्हणून आपल्या यादीत छापले. यादीत आहे म्हणजे कुणालाही विकत घेता येतं, आणि विकत घेता येतं म्हणजे ते स्टॉक. नियमाचं बोट धरून नियमाच्या पुढे गेले, असं म्हणा हवं तर. मला यात लबाडीपेक्षा हुशारी जास्त दिसते, पण वर्गात यावर वाद घालायला हरकत नाही.

इतकी जिंकलेली गाडी, तर तिच्या शर्यतीतल्या डझनभर गाड्या कुठेतरी जपलेल्या असतील असं वाटेल. तसं अजिबात नाही. १९५४ साली हडसन कंपनी नॅश कंपनीत विलीन झाली आणि १९५७ नंतर हडसन नावाच्या गाड्याच बंद झाल्या. शर्यतीच्या गाडीला तेव्हा कुणी 'वारसा' म्हणत नव्हतं. ती अवजार होती, आपल्याकडच्या नांगरासारखी. मोडली की दुरुस्त करायची, नाहीच जमलं तर इंजिन काढून दुसऱ्या गाडीत घालायचं आणि उरलेलं भंगारात द्यायचं. चासी तीच ठेवून वरची बॉडी नवी चढवायची पद्धतही पुढे सर्रास झाली. हर्ब थॉमसची ९२ क्रमांकाची हडसन मात्र वाचली. ती मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावच्या मोटार संग्रहालयात आहे, आणि ते संग्रहालय भरलंय एका जुन्या हडसन विक्रेत्याच्याच इमारतीत. घरची गाडी घरी आली, एवढं सुख फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला येतं.

आपल्या भागाचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो अगदी जवळचा आहे. कन्हेरीहून इंदापूर रस्त्याला लागा. भवानीनगर, सणसर, लासुर्णे मागे टाकून जंक्शनला वळलात की वालचंदनगर येतं. वालचंद हिराचंद यांनी वसवलेलं हे गाव साखर कारखान्यामुळे आपल्याला माहीत आहे. याच वालचंद शेठजींनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही मोटारींची कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. तिथून फियाट ११०० निघाली. तिच्या सुरुवातीच्या, पुढून गोलसर तोंडाच्या गाडीला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. पुढे 'डिलाइट' आली आणि शेवटी 'पद्मिनी', जी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्या देशाने पाहिली.

याच फियाट आपल्या देशातल्या स्टॉक कार होत्या. तेव्हा आपल्याकडे शर्यतीचा पक्का रस्ता नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विमानांच्या धावपट्ट्या रिकाम्या होत्या, त्यांवर शर्यती व्हायच्या. मद्रासजवळचं शोलावरम सर्वांत प्रसिद्ध, कोलकात्याजवळ बराकपूर, मुंबईत जुहू. कडेला गवताच्या पेंढ्या आणि ड्रम लावायचे, झाला ट्रॅक तयार. सोमवारी ऑफिसला जाणारी फियाट रविवारी शर्यतीत. परदेशी सुटे भाग मिळायला परवाने लागत, पैसे तर त्याहून जास्त लागत. म्हणून सगळी करामत गल्लीतल्या गॅरेजमध्ये चाले. इंजिनाचं हेड थोडं तासून दाब वाढवायचा, कार्बोरेटर बदलायचा, धुराड्याचे पाईप वाकवून मोकळे करायचे, मागची सीट, दारांची अस्तरं, कार्पेट, सगळं काढून वजन उतरवायचं. हे करणाऱ्या मिस्त्रींची नावं वर्तमानपत्रात कधी आली नाहीत. छापून यायचं चालकाचं नाव.

समजा, अशी एक गाडी सापडली…

समजा तुमच्या मामाच्या शेतावर, पत्र्याच्या शेडमध्ये, खताच्या गोण्यांमागे एक जुनी फियाट आहे. आजोबा म्हणतात, "ही शर्यतीत पळालेली आहे." खरं की खोटं, कसं ठरवाल?

पहिली गोष्ट, तिला धुऊ नका. हो, धुऊ नका! आपल्याकडे जुनी वस्तू मिळाली की आधी घासून पुसून चकचकीत करायची हौस असते. रंगारी बोलावला की पुरावा गेलाच म्हणून समजा. कन्हेरीचा मारुती सगळ्यांना माहीत आहे. गावोगावच्या जुन्या मारुतींवर वर्षानुवर्षं शेंदराची पुटं चढतात. कधीतरी ते कवच गळून पडतं आणि आत मूळ कोरीव मूर्ती दिसते. गाडीच्या रंगाचंही तसंच. दारावर बारीक पॉलिश पेपरने, रुपयाएवढ्या जागेत, हळूहळू एकेक थर उघडला तर खाली दुसरा रंग, त्याखाली पांढरा गोल आणि त्यात आकड्याचा तुकडा सापडू शकतो. शर्यतीचा क्रमांक अशाच पांढऱ्या गोलात रंगवायचे. पण हे काम जाणत्या माणसाला बरोबर घेऊनच करायचं, आणि आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवायचे.

दुसरं, अंगावरच्या खुणा. बैलाचे दात बघतो तसं. फियाटचा गिअर मुळात स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. तो खाली जमिनीवर आणला असेल तर तिथे पत्रा कापलेला दिसेल. मात्र एवढ्यावर उड्या मारू नका. सोय म्हणून कितीतरी साध्या गाड्यांचा गिअर लोकांनी खाली आणून घेतला होता. एकटी खूण काहीच सिद्ध करत नाही. पण तिच्या जोडीला जमिनीच्या चार कोपऱ्यांत वेल्डिंगचे जुने डाग असतील, म्हणजे तिथे छत पेलणारी लोखंडी नळ्यांची चौकट बसवलेली असेल. डॅशबोर्डवर इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या तबकडीचं भोक असेल, बॉनेटवर चामडी पट्टा अडकवायच्या कड्या असतील, बॅटरी मागच्या डिकीत नेलेली असेल. मग मात्र आजोबांच्या म्हणण्याला वजन येतं. उलटून गेलेल्या गाडीच्या छताला ठोकून काढलेली लाट राहते, हात फिरवला की कळते. अशा खुणांची यादी करा. कुठली खूण कुठल्या खुणेच्या वर आहे, तेही लिहा. वेल्डिंगवर रंग असेल तर आधी वेल्डिंग, मग रंग. विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम, मग खडक लागतो, तसा हा क्रम.

तिसरं, आकडे. चासी नंबर आणि इंजिन नंबर. यांत चासी नंबर महत्त्वाचा, कारण शर्यतीच्या गाडीत इंजिन बदललेलं असणारच. नंबर कंपनीने ठोकलेला आहे की नंतर कुणी, हे अक्षरांच्या वळणावरून, खोलीवरून आणि भोवती घासल्याच्या खुणा आहेत का त्यावरून ओळखतात. जुन्या गाड्यांचे हे नंबर लहान असत, पण बोलके असत. उदाहरणार्थ, १९५१ च्या हडसन हॉर्नेटचा क्रमांक '७ए'ने सुरू होतो आणि १९५२ चा '७बी'ने. आता कुणी '७ए'वाली गाडी १९५२ ची म्हणून दाखवली तर?

नंबर प्लेट हा मात्र सगळ्यांत कच्चा पुरावा. ती दोन स्क्रूंवर असते! तरी तिच्यावरून काळ-ठिकाणाचा अंदाज येतो. जुन्या मुंबई राज्यात नंबर 'बीएम' या अक्षरांनी सुरू होत, महाराष्ट्र झाल्यावर 'एमआर', 'एमएम' अशा मालिका आल्या आणि १९८९ पासून आजची 'एमएच' आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत सुरू झाली. आपल्या बारामतीचा एमएच ४२, पुण्याचा १२. म्हणून १९६५ च्या फियाटवर एमएच ४२ दिसला तर गाडी मुळात बारामतीची होती असं समजू नका. ती नंतर कधीतरी इथे नव्याने नोंदली गेली, एवढाच त्याचा अर्थ.

कागद आणि फेरफार

कागदांच्या बाबतीत तुम्हाला शिकवायची फारशी गरज नाही, कारण तुमच्या घरात सातबारा आहे. जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो, पण ती त्याच्याकडे कशी आली ते फेरफार सांगतो. एखादी नोंद मधेच गायब असली की वाद सुरू होतो. गाडीच्या आरसी बुकात मालक बदलल्याच्या नोंदी असतात, तेच तिचे फेरफार. मुंबईची गाडी पुणे जिल्ह्यात आली तर ना हरकत दाखला लागतो, त्याचीही नोंद असते. विम्याच्या पावत्या, कर भरल्याचे कागद, गॅरेजची बिलं, यांतलं काहीही टाकू नका. पहिल्या मालकापासून आजपर्यंत साखळी जोडा, आणि जिथे दुवा तुटतो तिथे वहीत मोकळी जागा सोडा. अंदाजाने भरू नका.

आता सर्वांत अवघड जागा. समजा जुन्या वर्तमानपत्रात निकाल सापडला, अमुक चालक, फियाट ११००, दुसरा क्रमांक. आणि तुमच्या आरसी बुकात त्याच आडनावाचा मालक आहे. झालं का सिद्ध? नाही! वर्तमानपत्र चालकाचं नाव देतं, गाडीचा चासी नंबर देत नाही. त्या माणसाकडे दोन फियाट असतील, त्याने मित्राची गाडी चालवली असेल. बहुतेक गाड्यांचा खोटा इतिहास याच फटीतून आत शिरतो, आणि लिहिणारा प्रत्येक वेळी लबाड असतो असंही नाही. त्याला ते खरं असावं असं मनापासून वाटत असतं. ही फट बुजवायला फोटो लागतो. फोटोतल्या गाडीचा शर्यत क्रमांक बघू नका, तो दर स्पर्धेला बदलतो. पोचे बघा, आरशाची जागा बघा, बंपर काढल्यावर उरलेली भोकं बघा आणि ती तुमच्या गाडीशी पडताळून पाहा.

माणसांना विचारताना प्रश्न मोकळा ठेवा. "ही शर्यतीतलीच गाडी ना?" असं विचारलं तर म्हातारा मिस्त्री तुमचं मन राखायला "हो हो" म्हणेल. "काका, या गाडीचं तुम्हाला काय काय आठवतंय?" असं विचारा आणि गप्प बसा. दोन माणसांना एकत्र बसवून विचारू नका, एकाची आठवण दुसऱ्याची होऊन जाते. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायचा, पण आधी परवानगी घ्यायची. हे काम पुढच्या सुट्टीत करू म्हणून ठेवू नका. ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात हेड तासले, ते हात आता ऐंशीच्या घरातले आहेत.

कायदा काय म्हणतो?

हा इतिहास लावायचा तरी कशाला, असं कुणी विचारेल. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम जाहीर केले. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर मालिका मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. आणि महत्त्वाची अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा.

पेच लक्षात आला का? ज्या बदलांमुळे ती फियाट शर्यतीची ठरते, तेच बदल तिला नियमाच्या चौकटीत अडचणीत आणू शकतात. मग मालक काय करतो? कापलेला पत्रा जोडतो, चौकट काढून टाकतो, नवी सीट घालतो, कारखान्याचा रंग देतो. गाडी सुंदर दिसते, आणि साधी होते. दुसरीकडे उलटाही प्रकार चालतो. शर्यतीची गाडी म्हणून किंमत जास्त येते, म्हणून साध्या गाडीवर पांढरा गोल रंगवून आकडा टाकतात. एक जण खरा इतिहास पुसतो, दुसरा खोटा रंगवतो. मला विचाराल तर पहिल्याचं नुकसान मोठं आहे. खोटा आकडा खरवडून काढता येतो, पण वितळवलेली जुनी चौकट परत आणता येत नाही. म्हणून गाडी कायद्यासाठी मूळ रूपात आणायचीच असेल, तर निदान काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून, फोटोसकट जपून ठेवावा.

उपक्रम

तुमच्या गावात शर्यतीची फियाट सापडेलच असं नाही. काही बिघडत नाही. घरचा किंवा शेजारचा जुना ट्रॅक्टर, लूना, राजदूत, जीप, काहीही चालेल. मालकाची परवानगी घ्या. चासी नंबर शोधून उतरवून घ्या, पण तो कुठेही जाहीर करू नका. अंगावरच्या दहा खुणा लिहा आणि प्रत्येक खुणेपुढे ती कशामुळे झाली असेल याच्या दोन शक्यता लिहा, एक नव्हे. मालकांची साखळी जोडा. मग कमीत कमी दोन जुन्या माणसांशी वेगवेगळं बोला. वहीच्या पानाचे तीन उभे भाग करा. पहिल्यात कागदावर दिसलेलं, दुसऱ्यात गाडीवर दिसलेलं, तिसऱ्यात माणसांनी सांगितलेलं. तिसऱ्या भागात प्रत्येक वाक्यापुढे कंसात लिहा, त्यांनी ते स्वतः पाहिलं होतं की कुणाकडून ऐकलं होतं.